चाळीसच्या पुढची घरघर

आमच्या ट्रकचा निकाल फोनवर लागला. ड्रायव्हर खेड शिवापूरच्या पुढे होता. त्याने मोबाइल स्पीकरवर टाकून केबिनच्या पत्र्यावर ठेवला आणि इकडे बिबवेवाडीत, दिवाणावर उशीला टेकून बसलेल्या माझ्या नवऱ्याने डोळे मिटून तो आवाज ऐकला. मी मशीनवर एका ब्लाऊजला अस्तर लावत होते. पाय थांबवून मीही ऐकलं. गाडीने चाळीसचा वेग ओलांडला की खालून घरघर सुरू व्हायची, पन्नासच्या आसपास ती पार अंगावर यायची आणि त्यापुढे थोडी विरायची. मला एवढंच कळलं. नवऱ्याला सगळं कळलं.

"हौसिंग गेलं," तो म्हणाला. "क्राऊन-पिनियन रडतंय. आता या गाडीत राम राहिला नाही. विकून टाकू."

हौसिंग म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा दिसतो, तो. इंजिनाची ताकद गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब शाफ्टमधून मागे येते आणि त्या गोळ्यातल्या दोन दातेरी चक्रांवरून चाकांना मिळते. क्राऊन आणि पिनियन ही त्या चक्रांची नावं. शिकलेले लोक सगळ्या गोळ्याला डिफरेन्शियल म्हणतात. तो गेला म्हणजे मोठं काम निघालं, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत असतं.

समोर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे एकेरीत लिहितेय, तेवढी मोकळीक घेते. वर्षभरापूर्वीपर्यंत तो स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचा. मार्केट यार्डातून गहू, साखर, तेलाचे डबे भरून साताऱ्याकडे जायचा आणि येताना मिळेल ते घेऊन यायचा. मग एका सकाळी दात घासताना त्याच्या डाव्या हातातून ब्रश पडला. डावा पायही गेला. डॉक्टरांनी वेळेवर सांभाळलं, बोलणं शाबूत राहिलं, काठी घेऊन घरात चालायलाही लागला. पण क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. तो पाय उठत नव्हता.

तेव्हापासून गाडी मी सांभाळते. वाशिमकडचा एक ड्रायव्हर ठेवला. माल भरणाऱ्यांचे फोन, टायर, पासिंग, टोल, सगळं माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस यार्डातले व्यापारी मला 'दादांना द्या फोन' म्हणायचे. हळूहळू ते म्हणायचे बंद झाले. ब्लाऊज शिवून मी कधी कुणी झाले नव्हते, ट्रकमुळे झाले. मला ती गाडी विकायची नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी कशासाठी केलं याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

पण नवऱ्याच्या कानापुढे बोलायची सोय नव्हती. सातारा रस्त्यावर त्याच्या कानाचं नाव होतं. इतर ट्रकवाले आपल्या गाड्या त्याच्यासमोरून चालवून न्यायचे आणि तो चहा पिता पिता सांगायचा की कुठलं बेअरिंग बोलतंय. त्याने निकाल दिला तशी आमच्या मिस्त्रीनेही मान डोलावली. "दादा म्हनत्यात म्हंजी हौसिंगच हाय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हडपसरच्या एका एजंटाला फोन लावला. रविवारी संध्याकाळी येऊन गाडी बघतो, पटली तर तिथेच व्यवहार करू, असं एजंट म्हणाला. नवरा हो म्हणाला. मला विचारलं नाही.

मला राग आला, पण मी काही बोलले नाही. त्या वर्षात मी बोलणं सोडलंच होतं. मनात मात्र पक्कं केलं की रविवारच्या आत त्या घरघरीचं मूळ शोधायचं. हौसिंग गेलंच असेल तर मुकाट्याने गाडी देऊ. पण माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, मग ट्रकला का लावू?

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, क्राऊन-पिनियन रडतं म्हणजे नक्की कसं हो?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. घास हातात तसाच ठेवून सांगायला लागला. "त्याचं माणसासारखं असतं. ओझं दिलं की एक सूर, ओझं काढलं की दुसरा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूं करणार, सोडला की कूं करणार. चढावर वेगळं, उतारावर वेगळं. दातांची एक बाजू झिजलेली असते ना."

"आणि दाबला काय, सोडला काय, सूर तोच राहिला तर?"

"मग ते क्राऊन-पिनियन नाहीच," तो म्हणाला आणि आमटी मागितली.

मी आमटी वाढली. फोनवर त्याला चढ-उतार कसले कळणार? बरा असता तर स्वतः स्टिअरिंगवर बसला असता आणि पायाने तपासून मगच बोलला असता. पडल्या जागेवरून त्याने निकाल दिला आणि त्याच्यावर जीव असलेल्या प्रत्येकाने तो मान्य केला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. गाडीत गव्हाची पोती होती. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, शांत माणूस. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला वहिनी म्हणतो. कात्रज सोडून बोगद्याकडचा चढ लागला तेव्हा वेग कमी होता, घरघर नव्हती. बोगदा मागे पडला, उतारावर गाडीने वेग धरला आणि चाळीसच्या पुढे गेल्यावर बुडाखाली ती सुरू झाली. आवाजापेक्षा थरथर जास्त होती. समोर अडकवलेली पाण्याची बाटली कुडकुडायला लागली.

"आता पाय काढा, भाऊ."

त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. घरघर तशीच.

"आता दाबा."

तशीच. हूं नाही, कूं नाही. सपाट रस्ता आल्यावर मी त्याला क्लच दाबून गाडी नुसती पळू द्यायला सांगितलं. इंजिन सुटलं, त्याचा आवाज खाली बसला, पण घरघर तिथेच. म्हणजे इंजिनाचाही तिच्याशी संबंध नव्हता. ती फक्त वेगाचं ऐकत होती. वेग चाळीसच्या खाली आला की गप्प.

"सूर बदलला का?" मी विचारलं.

"नाही ना वहिनी. एकच चालू राह्यते."

"मग हौसिंग कसं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आता दादाच म्हणून राहिले त मी काय बोलू?" म्हणाला.

साताऱ्याला माल उतरवून परत येताना मी गाडी थेट मिस्त्रीच्या शेडला घ्यायला लावली. ही शेड कात्रजहून कोंढव्याकडे जाताना लागते. मिस्त्री तिथल्याच जुन्या गावातला, आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या तरी त्याने शेड सोडलेली नाही. दारात त्याने पाटी लावली आहे: 'गाडी आम्ही बघतो. आपण चहा बघावा.' चहाची टपरी शेजारीच आहे आणि ती त्याच्या मेव्हण्याची आहे. मी चहा बघितला नाही. हौसिंगचं ऑइल काढा, म्हणाले.

"वहिनी, उघडायचंच हाय तर ऑइल काढून काय बघनार?"

"उघडायच्या आधीच बघायचंय."

पिशवीतून मी अस्तराचा पांढरा तुकडा काढला. शिवणकामातून उरलेला होता. मिस्त्रीने खालचा नट सोडला, ऑइल घमेल्यात पडलं आणि मी ते कापडावर ओतून उन्हात धरलं. दात झिजले असते तर त्यात लोखंडाचा चुरा चमकला असता. कापडावर काळपट तेल पसरलं, पण चमक कुठेच नव्हती. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर बोटाने पुसता येईल एवढीच बारीक काजळी होती. मी हौसिंगवर तळहात ठेवला. एवढ्या लांबून आलेली गाडी, तरी हात ठेवून राहता येत होतं, म्हणजे ते तापलं नव्हतं.

मिस्त्रीने कापड हातात घेऊन दोनदा उलटंपालटं केलं. "साफ हाय," म्हणाला. मग मिशीवर हात फिरवला. "पन दादा..."

"दादांचं राहू द्या," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण टपरीवरच्या माणसांनी वळून पाहिलं.

रोग हौसिंगमध्ये नव्हता, एवढं कळलं. पण 'नाही' म्हणून भागत नव्हतं. एजंट रविवारी येणार होता आणि नवऱ्याला मी काय सांगणार होते? तुमचं चुकलं, पण बरोबर काय ते मलाही माहीत नाही? असं अर्धवट सांगितलं असतं तर त्याने मला एका वाक्यात गप्प केलं असतं, आणि योग्य केलं असतं.

शनिवारी यार्डात शांतता असते. सकाळी मी ड्रायव्हरला बोलावलं आणि यार्डामागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी मोकळीच पळवायला सांगितली. मी केबिनमध्ये बसले नाही. साडीचा पदर खोचून मागच्या हौद्यात चढले आणि लाकडी फळ्यांवर उकिडवी बसून दोन्ही तळहात टेकवले. ड्रायव्हरला हे मुळीच आवडलं नाही. "वहिनी, पडसान," तो खिडकीतून म्हणाला. मी म्हटलं, पडले तर तुमच्यावर नाव येणार नाही, चला.

गाडीने वेग घेतला. घरघर सुरू झाल्यावर मी फळ्यांवरून हात फिरवत पुढून मागे सरकू लागले. केबिनच्या बाजूला फळ्या नुसत्या हलत होत्या. मागे, हौसिंगच्या वर, जवळजवळ शांत होत्या. आणि मधल्या फळ्यांवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. तीन वेळा जाऊन-येऊन तेच. तिसऱ्या वेळी एका कुत्र्याला वाचवायला ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि मी खरंच पडले. कोपर खरचटलं. पण मूळ हौद्याच्या मध्याखाली आहे, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हौद्याच्या मध्याखाली काय असतं, ते वाकून पाहिलं. मागे जाणारा लांब शाफ्ट अखंड नसतो. त्याचे दोन तुकडे असतात, आणि मध्ये जिथे ते जोडलेले असतात तिथे एक बेअरिंग रबरात बसवून गाडीच्या सांगाड्याला टांगलेलं असतं. त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात. त्याच्या रबराला मी बोट लावलं. रबर फाटलं होतं.

"हे तर दिवाळीच्या आधी नवीन टाकलं ना?" मी विचारलं.

"हो ना. तवापासूनच तर आवाज येऊन राहिला."

मी गाडीखालून बाहेर आले. "मग हे आधी का नाही बोललात, भाऊ?"

"कोणी इचारलंच नाही," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बेअरिंग नवं, तरी रबर फाटलेलं. म्हणजे बेअरिंगही मार खाणारं होतं, मारणारं दुसरंच कुणीतरी. शाफ्टच्या टोकांना जे फुलीच्या आकाराचे सांधे, म्हणजे क्रॉस, असतात ते आम्ही दोघांनी हाताने पिळून पाहिले. जराही खेळ नव्हता. शाफ्ट कुठे वाकलाय का म्हणून ड्रायव्हरने जमिनीवर वीट ठेवली, विटेवर खडू उभा धरला आणि मी चाक जॅकवर उचलून शाफ्ट हाताने फिरवला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली. शाफ्ट सरळ होता. सगळं चांगलं होतं आणि तरी गाडी घरघरत होती. त्या वेळी मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच.

पलीकडे आमच्याच मॉडेलचा एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर टपावर ताडपत्री घडी करत होता. त्याला विचारून मी त्या गाडीखाली शिरले.

"काही हरवलं का, ताई?" त्याने वरून विचारलं.

"अजून कळलं नाही," मी म्हणाले.

उताणी पडून मी तो शाफ्ट पुढून मागे बघत गेले. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला दोन बोटांची लोखंडी बेचकी असते, तिच्यात क्रॉस बसतो. या गाडीच्या मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या बेचक्या एका रेषेत होत्या. पुढची आडवी तर मागचीही आडवी. मी उठून आमच्या गाडीखाली गेले. आमची पुढची बेचकी आडवी होती आणि मागची तिरपी.

ब्लाऊजची बाही लावताना बाहीवर आणि मुंढ्यावर कात्रीने एकेक छोटी खूण मारायची असते. दोन्ही खुणा जुळवून मगच टाके घालायचे. खूण चुकली तर बाही बसते, शिलाईही सुबक दिसते, पण बाई हात वर करते तेव्हा सगळं पिळवटतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या महिन्यात हमखास हेच करतात. आमच्या शाफ्टची बाही फिरवून लागली होती.

मागचा तुकडा मध्ये एका दातेरी नळीत सरकून बसतो, म्हणजे खड्ड्यात गाडी खालीवर झाली की त्याची लांबी कमी-जास्त होऊ शकते. बेअरिंग बदलताना तो नळीतून बाहेर काढला असणार आणि परत बसवताना चार-सहा दाते फिरून बसला असणार. मग तिथे खूण असायला हवी. कंपनी खुणेशिवाय कशी सोडेल? मी शोधली. खूण कुठेच नव्हती. होता तो फक्त रंग.

त्या रंगाबद्दल सांगायला हवं. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते. त्याच्या आधी गाडी धुवायची, रंगवायची, अगदी पोटाखालूनसुद्धा. यंदा नवरा हट्टाने पाटावर बसून खाली सरकला आणि उजव्या हाताने, दिवसचे दिवस लावून, त्याने सगळा शाफ्ट चंदेरी रंगवला. वर लाल-पिवळ्या कड्या काढल्या. आजारपणानंतर त्याने स्वतःच्या हाताने पुरं केलेलं ते पहिलं काम. ते बघायला यार्डातून माणसं आली होती. मीही पेढे वाटले होते.

ड्रायव्हरकडून मी तारेचा ब्रश मागितला. माझ्या मनात काय आहे ते त्याला कळलं असावं, कारण ब्रश द्यायला त्याने वेळ लावला. जोडापाशी मी घासायला सुरुवात केली. पिवळं निघालं, लाल निघालं, चंदेरी निघालं, त्याखाली जुना काळा रंग निघाला. आणि नळीवर ठोकलेला एक बाण दिसला. त्याच्या समोर, शाफ्टवर, दुसरा बाण असायला हवा होता. तो बराच बाजूला सापडला.

मी फोनवर फोटो काढला आणि मिस्त्रीला तिथेच बोलावून घेतलं. तो स्कूटरवर आला, खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"खूण दिसली नाही का तुम्हाला तेव्हा?" मी विचारलं.

"रंग व्हता वर," तो म्हणाला.

"खरवडायचा."

"न्हाय झालं, वहिनी." तो अजून गाडीखालीच होता, मला त्याचे फक्त पाय दिसत होते. "दादांनी एवढ्या हौसेनं काढलेलं. एका हातानं. त्याच्यावर ब्रश मारायला माजा हातच उचलंना. म्हनलं, गेला तसाच बसंल."

बोलण्यासारखं होतं, पण त्याच्याशी नव्हतं.

दुपारी शेडमध्ये शाफ्ट उतरवला. मिस्त्रीने बाण समोरासमोर आणले, छिन्नीने आणखी एक खोल खूण मारली, नवं रबर टाकलं आणि सगळं परत बांधलं. आम्ही बोगद्यापर्यंत जाऊन आलो. चाळीस झाले, पन्नास झाले, पुढेही गेलो. बाटली गप्प लटकत होती. ड्रायव्हरने हळूच स्टिअरिंगवर थाप मारली. "गाडी त मुकीच झाली," म्हणाला.

परतताना त्याने मला विनवलं. "वहिनी, दादाले रंगाचं सांगू नका. बेअरिंगच खराब निघालं म्हणा. किंवा माह्यावर टाका. ते आधीच मनानं खचले हाय."

मिस्त्रीही हेच म्हणाला होता. मी म्हटलं, बघते. घरापर्यंत मी तेच बघत होते.

वर्षभर आम्ही सगळे त्याला जपत होतो. भाजीत मीठ जास्त झालं तरी तो बोलायचा नाही, आणि त्याने पाण्याचा तांब्या सांडला तरी मी बोलायची नाही. त्याच्या हातून कपबशी फुटली तर आम्ही म्हणायचो, जुनीच होती. रंग चांगला झाला असं सगळे म्हणाले आणि खरवडला कुणी नाही. निकाल चुकला तरी सगळे हो म्हणाले. मिस्त्रीने जपलं, ड्रायव्हरने जपलं आणि गाडीने मार खाल्ला. आजारी पडल्यापासून त्याच्यावर कुणी चिडलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून आम्ही कडाकडा भांडत आलो होतो आणि मला त्या भांडणांची इतकी आठवण येत होती की जिन्यातच माझे डोळे भरून आले. मी ते पुसले. रडत वर जायचं नव्हतं.

नवरा दिवाणावर होता, फोन शेजारी. "कुठे होतीस?"

"गाडीखाली," मी म्हणाले. "हौसिंग चांगलं आहे. तुमचा निकाल चुकला."

त्याने माझ्याकडे समजुतीने बघितलं, आजारी माणूस शहाण्यासारखा बघतो तसं. "दबलं असेल आज. परत येईल आवाज."

मी फोटो पुढे धरला. "हे दोन बाण. एक इथे, एक तिथे. शाफ्ट फिरवून बसवला होता, म्हणून घरघर होती. आता जुळवलाय. बोगद्यापर्यंत जाऊन आले, आवाज नाही."

त्याने फोटो मोठा करून पाहिला. त्याला कळायला क्षणही लागला नाही. "मिस्त्री आंधळा आहे का? एवढा बाण दिसत नाही?"

"बाणावर रंग होता. तुम्ही दिलेला. तीन थर."

ड्रायव्हरला ज्याची भीती वाटत होती तो खचलेपणा त्याच्या तोंडावर आला. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"एवढी वर्षं गाडी चालवलीत आणि खुणेवर रंग मारायचा नाही एवढं कळत नाही तुम्हाला?"

"खरवडायचा होता त्याने," तो म्हणाला.

"तुमचा रंग म्हणून नाही खरवडला. तुम्ही आजारी म्हणून."

"म्हणजे काय, मी मेलोय का?" त्याचा आवाज चढला. खिडकीतून खाली जाईल एवढा. "मी मेलोय का, की माझ्या कामाला हात लावायचा नाही?"

"तेच विचारतेय मी. मेलायत का तुम्ही? फोनवर आवाज ऐकून गाडी विकायला निघालात. अ‍ॅक्सिलरेटर दाबून-सोडून नाही बघितलं, तेल काढून नाही बघितलं. दुसऱ्या कुणी असा निकाल दिला असता तर त्याला यार्डातून हाकललं असतंत."

"तुला गाडीतलं काय कळतं गं? ब्लाऊज शिव."

"ब्लाऊजच शिवते, म्हणून कळलं."

तो काठी शोधायला लागला. काठी दिवाणाखाली गेली होती. मी ती दिली नाही. त्याने स्वतः वाकून, उजव्या हाताने ओढून काढली आणि उभा राहिला. रागाने त्याची मान लाल झाली होती, पूर्वी व्हायची तशी.

"खरं सांगू का तुला?" तो म्हणाला. "आवाज चढावर बदलतो की नाही ते मी ड्रायव्हरला मुद्दाम विचारलं नाही. हौसिंग गेलं म्हटलं की विषय संपतो. रोज सकाळी ती गाडी माझ्याशिवाय सुरू होते आणि मी इथे पडून ऐकतो. तुम्हाला सगळ्यांना जमतंय. मग मी कशाला हवा? नको ती गाडी मला."

मी हे ऐकायला तयार नव्हते. मला वाटत होतं नुसता त्याचा कान चुकला असेल. पण मी मागे हटणार नव्हते.

"मला हवी आहे," मी म्हणाले. "आणि जमत नाहीये आम्हाला. जमत असतं तर नवं रबर फाटेपर्यंत सगळे 'दादा म्हणतात' करत बसले असते का? उद्यापासून खाली यायचं. मिस्त्री बोलेल ते ऐकून घ्यायचं, त्याचं चुकलं तर शिव्या घालायच्या. रंग खरवडल्यावर चांगला दिसत नाहीये तो, तोही नीट करा. बाण सोडून."

"मला हुकूम सोडतेस?"

"हो."

त्याचं तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोन वाजला. एजंट होता. उद्या संध्याकाळी नक्की किती वाजता येऊ, विचारत होता. त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. नवरा काठीवर भार देऊन उभा होता, माझ्याकडे बघत. मी नजर काढली नाही. गाडी त्याच्या नावावर होती. तो काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं.

"येऊ नका," तो फोनवर म्हणाला. "गाडी विकायची नाही. नाही हो, गाडी ठणठणीत आहे. नाही, आत्ता नाही बोलता येणार, घरात भांडण चालू आहे."

त्याने फोन दिवाणावर टाकला, काठी घट्ट धरली आणि माझ्याकडे वळला.

"हं, बोल," म्हणाला. "कुठे होतो आपण?"